वाचक क्रमांक शून्य

आमच्या वाचनालयात घटना घडत नाहीत, असं मी मुख्यालयाला लेखी कळवलं होतं. बावीस वर्षांतली शेवटची घटना म्हणजे मासिकांच्या टेबलावरचा पंखा खाली आला ती, आणि तोही बिचारा जेवणाच्या सुट्टीत आला. तरी परिपत्रक आलंच. ‘प्रत्येक शाखेने आपल्याकडे घडणारी प्रत्येक घटना, ती घडताक्षणी, पायथन या संगणकभाषेतील प्रोग्रामद्वारे मुख्यालयाच्या थेट डॅशबोर्डकडे पाठवावी. नमुना सोबत जोडला आहे.’ नमुना जोडलेला नव्हता. परिपत्रकं वाचून केस पिकलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटत नाही.

खाली लहान अक्षरांत खुलासा होता. घटना म्हणजे तीनच : वाचक आला, पुस्तक नेलं, पुस्तक परत आणलं. मुख्यालयाच्या भिंतीवर म्हणे एक मोठा पडदा बसवलाय, त्यावर प्रत्येक शाखेची एकेक रेघ आहे, आणि आमच्याकडे कुणी आत आलं की तिकडे आमची रेघ वर सरकणार. इथवर माझी तक्रार नव्हती. भिंतीकडे बघत बसायचा कुणाला पगार मिळत असेल तर मिळो. पण त्याखाली, आणखी लहान अक्षरांत, खरी मेख होती. ज्या शाखेत महिनाभरात रोज सरासरी चाळीसपेक्षा कमी वाचक दिसतील, ती शाखा मध्यवर्ती ग्रंथालयात विलीन करण्यात येईल.

आमची शाखा क्रमांक सात म्हणजे पोस्टाच्या वरची एक लांबट खोली. अकरा कपाटं, चार टेबलं, दोन खिडक्या आणि एक मी. मध्यवर्ती ग्रंथालय मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, दोन बस बदलून, वर एकतीस पायऱ्या चढून. माझ्या नेहमीच्या मंडळींचे सगळ्यांचे गुडघे एकत्र केले तरी त्यातून त्या एकतीस पायऱ्या चढणारा एक धड गुडघा निघाला नसता. विलीन झालो तर ही मंडळी घरी बसणार हे उघड होतं. माझी रवानगी तळघरात, जुन्या राजपत्रांच्या विभागात. तिथला आधीचा माणूस शेवटी शेवटी स्वतःशीच बोलायचा, आणि स्वतःचं म्हणणं खोडूनही काढायचा असं ऐकलं होतं.

घरी हे सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासतच म्हणाली, “चाळीस माणसं मोजायला यंत्र कशाला? दोन हात, दोन पाय, दोनदा मोजा.” मुलगी दुसऱ्या शहरात असते आणि दिवसभर काहीतरी असंच कुठून तरी कुठे तरी पाठवत असते. तिला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, दहा ओळींचं काम आहे. तू उगाच टेन्शन घेतोस.”

दहा ओळी! मी या आयुष्यात अग्रलेख वाचलेत, पंचवार्षिक अहवाल वाचलेत, एकदा तर एका वाचकाने स्वखर्चाने छापलेलं आठशे पानी आत्मचरित्र त्याच्या समोर बसून वाचलंय. दहा ओळींना मी काय भिणार? पण अहवालात एक ओळ जरा आत सरकली म्हणून अख्खा अहवाल वाचणं बंद पडत नाही. पायथनचं तसं नाही. या भाषेत काही ओळी चार घरं आत सरकवून लिहाव्या लागतात, आणि ती चार घरं तुम्ही एका पद्धतीने सोडलीत की दुसऱ्या, यावर तिचा राग-लोभ अवलंबून असतो. मी कुठे मोकळ्या जागेचं बटण चार वेळा दाबलं होतं, कुठे आळसाने डाव्या कडेचं मोठं बटण एकदाच दाबलं होतं. बघायला सगळं सरळ. चालवायला गेलं की तांबड्या अक्षरांत एकच ओळ, सातव्या ओळीत चूक आहे म्हणून. सातवी ओळ मी इतक्या वेळा वाचली की ती मला झोपेत पाठ होती.

अशा वेळी वाचनालयात सल्ल्याला तोटा नसतो. आमचे फ्यूजकाका वीज मंडळातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. अकरा वर्षं रोज दहाला येतात, खिडकीजवळची खुर्ची धरतात आणि पाचला उठतात. त्यांनी संगणकाच्या मागे वाकून बघितलं, वायर हलवली आणि निदान केलं.

“अर्थिंग नाही. अर्थिंग नसेल तर इथून काही जाणार नाही. लिहून देतो.”

“काका, हे वायरीचं नाही, अक्षरांचं आहे.”

“अक्षरं काय हवेतून जातात?”

अक्षरं खरोखरच हवेतून जातात, पण ते त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला असता, म्हणून मी मान हलवली. त्यांनी त्याच दिवशी घरून आणलेल्या तांब्याच्या तारेने संगणकाला खिडकीच्या गजाशी बांधून टाकलं. ती तार अजून आहे.

दुसरा सल्ला भूगोलबाईंचा. या शाळेतून निवृत्त झाल्या तरी शाळा यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी पर्समधून सहा इंची पट्टी काढली, नकाशावर ठेवावी तशी पडद्यावर ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, “तुमची सातवी ओळ जराशी पूर्वेला सरकली आहे.” मी ती पश्चिमेला आणली. प्रोग्राम चालला! मुलीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते मोठ्याने परत म्हणून दाखवलं. मागून तिच्या ऑफिसातले इतर लोक हसत असल्याचं ऐकू आलं.

आता फक्त किल्ली हवी होती. किल्ली म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक खूण. ती प्रोग्राममध्ये लिहिल्याशिवाय डॅशबोर्ड आपल्याला दारात उभं करत नाही. मुख्यालयाने ती शाखेच्या ई-मेलवर पाठवली होती. शाखेच्या ई-मेलचा पासवर्ड माझ्या आधीच्या ग्रंथपालांकडे होता, आणि निरोपसमारंभात त्यांचं भाषण मध्येच थांबवल्यापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. पासवर्ड बदलून मिळावा असा अर्ज मी मुख्यालयाला कागदावर केला. उत्तर आलं की असे अर्ज यापुढे कागदावर स्वीकारले जाणार नाहीत, शाखेच्या अधिकृत ई-मेलवरूनच करावेत. हे उत्तर कागदावर आलं होतं, दोन प्रतींत.

शेवटी मी तिथल्या साहेबांना फोन केला आणि इतका दीनवाणा आवाज काढला की ते किल्ली तोंडी सांगायला तयार झाले. माझं अक्षर मलाच लागत नाही म्हणून लिहून घ्यायला भूगोलबाई बसल्या. फोन स्पीकरवर ठेवला. सगळं वाचनालय वर्तमानपत्रं खाली ठेवून ऐकत होतं.

“छोटा जी,” साहेब म्हणाले.

“जर्मनीचा जी?” बाईंनी खात्री करून घेतली.

“हो, पण छोटा.”

“जर्मनी छोटा नाही हो.”

“मॅडम, अक्षर छोटं.”

“मग ग्रीस घ्या की! छोट्या अक्षराला छोटा देश. म्हणजे गोंधळ नको.”

साहेबही सरकारी माणूस, कामात जरा रंग आला की त्यांनाही हवंच असतं. मग मोठ्या अक्षरांना मोठे देश आणि छोट्यांना छोटे, असं ठरून काम सुरळीत सुरू झालं. चीन, क्युबा, रशिया, ब्राझील, बेल्जियम अशी जगाची सफर करत आम्ही एकेचाळिसाव्या अक्षराला पोचलो आणि डब्ल्यू आला. या अक्षराने एकही देश नाही, असं बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले वेल्स आहे. वेल्सला देश मानायचा की नाही, यावर दोघांची दहा मिनिटं चर्चा झाली. फ्यूजकाका वेल्सच्या बाजूने होते, तेही का होते ते कळलं नाही. साहेबांची चहाची वेळ झाली तेव्हा कुठे वेल्सला तात्पुरती मान्यता मिळाली.

किल्ली लागली. आता चाचणी. मुलगी म्हणाली, “एक खोटा वाचक बनव, त्याच्या नावाने दर पाच मिनिटांनी इव्हेंट जाऊ दे. नीट पोचतायत दिसलं की बंद कर.”

खोटा वाचक बनवायचा म्हटलं तरी मी काही ऐरागैरा बनवणार नव्हतो. कार्ड क्रमांक दिला शून्य. वय सदुसष्ट. व्यवसाय निवृत्त. आवडीचा विषय या रकान्यात लोक काहीतरी एक लिहितात, मी लिहिलं : सर्व. हा माझा वाचक पानांचे कोपरे दुमडत नव्हता. समासात ‘अगदी खरं!’ असं लिहीत नव्हता. पुस्तक न्यायचा आणि वेळेत आणून द्यायचा. कधी प्रवासवर्णन, कधी मधमाश्यांवरचं पुस्तक, कधी कवितासंग्रह, ज्याला आमच्याकडे नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता. खरं सांगतो, ही माहिती भरताना मला फार बरं वाटत होतं.

प्रोग्राम सुरू केला. डॅशबोर्डकडून उत्तर आलं : दोनशे. मी ताबडतोब मुलीला फोन लावला. मी तर एकच माणूस पाठवला होता! मुलीने समजावलं की दोनशे हा आकडा म्हणजे ‘मिळालं’ असा निरोप असतो, तिकडची तशी रीत आहे. मग मी निवांत बसून एकामागून एक दोनशे येताना बघत राहिलो. पाच वाजले. मी नेहमीप्रमाणे पडद्याचं बटण बंद केलं, बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन संगणकावर घातलं, आणि घरी गेलो. पडदा बंद केला की संगणक बंद होतो, अशी माझी बावीस वर्षांची प्रामाणिक समजूत होती. आच्छादनाखाली वाचक क्रमांक शून्य आपलं वाचन चालू ठेवणार होता, याची मला काय कल्पना?

दुसऱ्या दिवसापासून मी बारकोड वाचणारं पिस्तुल टेबलावर मांडलं. पुस्तक न्यायला कुणी आलं की त्याच्या कार्डावर टुक करायचं, की घटना रवाना; संगणकावरचं आच्छादन काढायचीही गरज नाही. संध्याकाळी मुख्यालयाच्या साहेबांचा फोन, वेल्सवाल्या.

“अभिनंदन! शाखा सात पहिली!”

“कशात?”

“सगळ्यात! आज तीनशेच्या वर वाचक. रेघ पडद्याबाहेर जायला लागली म्हणून पडद्याचं माप बदलावं लागलं आम्हाला.”

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. तीनशे माणसं आली असती तर उभी कुठे राहिली असती? पण बावीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी ‘पहिली’ म्हणत होतं, आणि ‘साहेब, काहीतरी चुकतंय’ असं म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, “प्रयत्न करतो आपण.” घरी आल्यावर हे इतक्या सहजपणे सांगितलं की बायकोने ते इमारतीत सगळ्यांना सांगितलं. तळमजल्यावरचे विमा एजंट, जे इतकी वर्षं मला ‘काय, पुस्तकं बरी आहेत ना?’ एवढंच विचारायचे, ते जिन्यात थांबून म्हणाले, “ऐकलं, तुम्ही संगणकात गेलात.” मी जिना नेहमीपेक्षा सावकाश चढलो.

चौथ्या दिवशी मुलीने माझी किल्ली वापरून तिकडून डॅशबोर्ड उघडून बघितला. तिने फोन केला तेव्हा तिचा आवाज फार गोड होता. हे लक्षण वाईट असतं.

“बाबा, शून्य क्रमांकाचा हा तुझा माणूस रोज दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा वाचनालयात येतोय.”

मी आच्छादन काढलं, पडदा लावला. दोनशे, दोनशे, दोनशे, खालपर्यंत दोनशेच्या ओळी.  मी प्रोग्राममधल्या, शून्याला दर पाच मिनिटांनी पाठवणाऱ्या ओळी काढून टाकल्या आणि शून्य वजा केल्यावर शाखेत रोज किती माणसं उरतात ते बघितलं. सव्वीस. चाळीसला चौदा कमी.

पाठवलेल्या घटना परत घेता येतात का, असं मी साहेबांना जरा आडवळणाने विचारलं. ते म्हणाले, येतात, त्यासाठी कारणासह विहित नमुन्यात अर्ज करावा, आणि त्यावर संबंधित वाचकाची सही हवी. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण आता ते राहू द्या. तुमचा तो शून्य क्रमांकाचा वाचक उपसंचालक मॅडमना फार आवडलाय. गुरुवारी त्या स्वतः येतायत त्याला भेटायला. शाखा ठेवायची की नाही, तेही तेव्हाच ठरवतील.”

मी फोन ठेवला आणि, माझी चूक म्हणा की काय म्हणा, सगळ्यांना सगळं सांगून टाकलं. वाचनालयात शांतता राखा अशी पाटी आहे. त्या दिवशी ती कुणी बघितली नाही. भूगोलबाई म्हणाल्या, एक माणूस उभा करायचा, त्यात काय एवढं? वय सदुसष्ट, निवृत्त, सर्व विषयांची आवड. उमेदवार चार निघाले. एकाला बहिरेपण नडलं, एकाला बायकोची परवानगी मिळेना, आणि एकाने मुलाखतीत भूगोलबाईंना ‘तुम्हाला काय अधिकार?’ असं विचारल्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद झाला. राहिले फ्यूजकाका. वय बहात्तर, पण पाठीमागून सदुसष्ट दिसतात असं सर्वांचं मत पडलं.

दोन दिवस त्यांची शिकवणी चालली. बाईंनी दोनशे पुस्तकांची यादी केली, प्रत्येकासमोर एक वाक्य. मधमाश्या : ‘फार शिस्तीच्या असतात.’ कविता : ‘मन भरून आलं.’ प्रवासवर्णन : ‘तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं.’ काका ते परीक्षेसारखं घोकत होते. मधूनच कवितेच्या ठिकाणी मधमाश्यांचं उत्तर जायचं, पण बाई म्हणाल्या की चालेल, कळणार नाही.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, “खोटं बोलायचं तर नीट बोला. तुम्हाला ते जमत नाही. माझ्या आईला तुम्ही एकदा सांगितलं होतं, गाडी चुकली म्हणून. गाडी दोन तास उशिरा होती.” वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जेवण अर्धं टाकून उठलो, पण ती म्हणाली ते खरं होतं, आणि ते खरं असल्याचं मला जास्त लागलं.

गुरुवारी मॅडम आल्या. मला वाटलं होतं गाडी, शिपाई, फाइल घेतलेले दोन लोक. आल्या एकट्या, बसने. बुटक्याशा, खांद्यावर कापडी पिशवी, पोस्टाच्या जिन्याने आल्यामुळे जरा धापा टाकत. वाचनालय त्या दिवशी गच्च भरलं होतं, जादा खुर्च्या पोस्टातून मागवल्या होत्या. मॅडमनी सगळीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “शून्य क्रमांकाचे वाचक कोण?”

फ्यूजकाका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

“तुम्हाला भेटायची फार इच्छा होती,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी तुम्ही मधमाश्यांवरचं पुस्तक नेलंत आणि तीन दहाला परत केलंत. कसं वाटलं?”

काकांनी भूगोलबाईंकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

“मन भरून आलं,” काका म्हणाले.

“आणि आत कसे आलात? पहाटे कुलूप असेल ना?”

काकांच्या कपाळावर घाम जमला. अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसतो. माझ्या पंख्याची, दिव्याची, घंटीची दुरुस्ती फुकट करतो. आणि आज माझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री केलेला शर्ट घालून, तो चारचौघांत खोटा पडत होता. मला स्वतःची लाज वाटली. अगदी आतून वाटली.

“मॅडम, ते नाहीत,” मी म्हणालो. “शून्य क्रमांक कुणीच नाही. मी बनवलाय तो. चाचणीसाठी. बंद करायचा राहिला.”

 मी पुढे सगळं सांगत गेलो, पडदा, आच्छादन, किल्ली, वेल्स, काहीही लपवून ठेवलं नाही. “खरे वाचक रोज सव्वीस आहेत,” मी म्हणालो. “चाळीस नाहीत. काकांचा काही दोष नाही.”

मॅडम रागावल्या असं दिसलं नाही. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, घातला आणि टेबलाटेबलावरून बोट फिरवत मोजायला सुरुवात केली. अगदी बायकोने सांगितलं होतं तसं, बोटांनी. बावन्नपर्यंत गेल्या.

“हे सगळे आज मुद्दाम बोलावलेत?”

“नाही हो!” भूगोलबाई उसळल्या. “रोजचेच आहेत. आज फक्त सगळे एका वेळी आलेत, तुम्ही येणार म्हणून.”

“मग डॅशबोर्डवर सव्वीस कसे?” मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “यांची कार्डं का वाचली जात नाहीत?”

 कार्ड मी फक्त पुस्तक घरी नेणाऱ्यांचं बघत होतो. बसून वाचणाऱ्यांना कार्ड विचारायचं मला सुचलंच नव्हतं, किंवा सुचलं असेल आणि धीर झाला नसेल. ज्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कपाटं कुठे आहेत ते दाखवलं, त्यांना ‘कार्ड दाखवा’ म्हणायचं? त्यातल्या निम्म्यांकडे तर कार्डच नव्हतं. आणि यंत्राने सव्वीस म्हटल्यावर मीही सव्वीसच मानले. समोर बसलेली माणसं मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. हे मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या. मोठ्याने हसल्या, पाटीखाली उभ्या राहून.

“फॉर्म आहेत?”

फॉर्म होते. मी वाटायला लागलो तसा एकेक जण दुखावत गेला. “एकोणीस वर्षं येतोय मी, आता मला कार्ड?” “माझं नाव तुम्हाला माहीत नाही का?” “पत्त्याचा पुरावा? तुम्ही माझ्या मुलीच्या लग्नात जेवलायत!” सगळ्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले, पण तासाभरात फॉर्म भरून झाले. पुढच्या महिन्यात शाखेची सरासरी त्रेपन्न आली, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच काळजीत राहणार नाही.

एक फॉर्म मात्र अर्धा भरलेला परत आला, फ्यूजकाकांचा. ‘येण्याचा उद्देश’ या रकान्यात वाचन, अभ्यास, स्पर्धा परीक्षा आणि इतर असे चार पर्याय होते. काकांनी एकावरही खूण केली नव्हती.

“काका, वाचनावर खूण करा ना.”

“खोटं एकदा बोललो आज. पुरे झालं,” काका म्हणाले. “मी कुठे वाचतो? पेपर हातात असतो एवढंच. अकरा वर्षांत एक पुस्तक वाचलेलं नाही इथलं.”

“मग रोज दहा ते पाच येता कशाला?” भूगोलबाईंनी विचारलं. तिखटपणे विचारायला गेल्या होत्या, पण तसं जमलं नाही.

काका पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. “ही गेली तेव्हापासून घरी बोलायला कुणी नाही,” ते म्हणाले. “इथे बोलू देत नाहीत ते ठीक आहे. पण गप्प बसायला तरी माणसं आहेत.”

 भूगोलबाईंनी पट्टी पर्समध्ये टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. मॅडमनी फॉर्म हातात घेतला, ‘इतर’वर स्वतःच खूण केली आणि खाली आपली सही ठोकली. मी कार्ड छापलं आणि पिस्तुलाने टुक केलं. संगणकावर दोनशे आलं.

काका आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मॅडमची बस अजून वीस मिनिटांनी होती. त्या जिन्याकडे गेल्या, तिथून परत आल्या, आणि काकांच्या समोरची मोकळी खुर्ची ओढून बसल्या. पुस्तक घेतलं नाही, पेपर घेतला नाही. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. दोघं खिडकीबाहेर बघत गप्प बसले.

मी बराच वेळ टेबलामागे उभा राहून बघत होतो. मग पिस्तुल उचललं, त्यांच्याजवळ गेलो आणि बावीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते केलं.

“मॅडम, कार्ड?”

त्यांनी पिशवी चाचपली आणि मान हलवली. त्यांच्याकडे नव्हतं. फ्यूजकाकांनी खिशाचं पेन काढून त्यांच्यापुढे सरकवलं, आणि मी फॉर्म आणायला गेलो.